घरच्या घरी एमटीबीची (माउंटन बाइकची) देखभाल आणि बदल: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

ही माहिती पुढे सस्पेन्शन (धक्के शोषणारा फोर्क) असलेल्या आणि मागे नसलेल्या, सात ते बारा गिअरच्या सायकलींसाठी आहे. आकडे शिमानो या सायकलपार्टच्या कंपनीच्या सर्वसाधारण पद्धतीचे आहेत. तुमच्या सायकलीच्या माहितीपुस्तिकेत किंवा पार्टवर वेगळा आकडा छापला असेल, तर तोच धरा.

सुरुवातीला कुठली हत्यारं घ्यावीत?

ॲलन की २ ते ८ मिमीचा चांगला सेट, टी-२५ (ताऱ्याच्या टोकाची) की, पेडलसाठी १५ मिमीचा पातळ पाना, टायर लिव्हर, चेन ब्रेकर, क्विक-लिंक (चेनची सुटणारी कडी) उघडायची पकड, केबल कटर आणि गेज असलेला उभा पंप. एवढ्यावर वर्षभरातली बहुतेक कामं निघतात. ॲलन कीमध्ये काटकसर करू नका. मऊ लोखंडाची की बोल्टचं डोकं गोल करते आणि पाच मिनिटांचं काम ड्रिल मशीनपर्यंत जातं. केबल मात्र साध्या पकडीने कधीच कापू नये, तारा विस्कटतात आणि परत आउटरमध्ये (केबलच्या बाहेरच्या नळीत) जात नाहीत.

दुसऱ्या टप्प्यात क्रँक (पेडलचा दांडा) काढायचा पुलर, बॉटम ब्रॅकेटचं (क्रँकच्या मधल्या बेअरिंगचं) २० खाचांचं टूल, फ्रीव्हील किंवा कॅसेट (मागच्या गिअरचा संच) काढायचं टूल, १३ आणि १५ मिमीचे पातळ कोन-पाने, स्पोक की. ही टूल्स लागतील तशी घ्या. फ्रीव्हील आणि कॅसेटची टूल्स दिसायला जवळची, पण वेगळी आहेत. आपल्या चाकाला काय आहे ते आधी पाहा: मागच्या गिअरचं चाक उलटं फिरवल्यावर मधली खाचांची रिंग दात्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागच्या जागी राहिली तर फ्रीव्हील.

फ्लॅटमध्ये स्टँड कुठे लावणार?

स्टँड नसला तरी अडत नाही. जुन्या नाशकात आणि पंचवटीतल्या बऱ्याच घरांत झोपाळ्याची किंवा पाळण्याची कडी आढ्याला असते. तिला जाड दोरी बांधून सीटचं नाक अडकवा आणि हँडलसाठी दुसरी दोरी सोडा. मागचं चाक जमिनीपासून हातभर वर आलं की गिअर, ब्रेक, चेन सगळं करता येतं. कडी स्लॅबमध्ये पक्की आहे ना, हे आधी स्वतःचं वजन टाकून पाहा. जोर लावायची कामं, म्हणजे पेडल किंवा क्रँक काढणं, सायकल टांगलेली असताना करू नयेत. ती चाकांवर उभी असतानाच करायची.

सायकल उलटी करून सीट-हँडलवर ठेवायची सवय असेल तर हायड्रॉलिक ब्रेकच्या बाबतीत सावध राहा. लिव्हरच्या टाकीतली हवा नळीत शिरते आणि सरळ केल्यावर लिव्हर ढिला लागतो.

टॉर्क रेंच नाही. किती आवळायचं ते कसं कळणार?

सामान तोलायचा लटकता काटा घरात असतोच. तो पान्याला अडकवून ओढा. ५ न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) म्हणजे १० सेंमी लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे ५ किलो. ४० न्यूटन मीटर म्हणजे २० सेंमीवर सुमारे २० किलो. काटा पान्याशी काटकोनात हवा. चार-पाच वेळा असं करून पाहिलं की हाताला अंदाज येतो.

लागणारे आकडे (न्यूटन मीटरमध्ये): स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) आणि सीट क्लॅम्पचे बोल्ट ५ ते ६, डिस्क रोटरचे (ब्रेकच्या चकतीचे) टी-२५ बोल्ट ४ च्या आत-बाहेर, कॅलिपरचे (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागाचे) ६ ते ८, गिअर केबलचा बोल्ट ५ ते ७, कॅसेटची लॉकरिंग ४०, पेडल ३५ ते ४०, चौकोनी ॲक्सलचा क्रँक बोल्ट ३५ ते ५०. घरी होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे छोटे बोल्ट पिरगाळून तोडणं आणि क्रँक बोल्ट कमी आवळणं. ढिल्या क्रँकवर दोन-तीन राइड झाल्या की ॲल्युमिनियमचं चौकोनी भोक गोलसर होतं, मग कितीही आवळा, तो क्रँक परत ढिला पडणारच.

नाशिकच्या हवेत सर्व्हिसचं वेळापत्रक कसं असावं?

किलोमीटर मोजण्यापेक्षा ऋतू पाहा. उन्हाळ्यात मुरमाची बारीक धूळ चेनच्या तेलात मिसळून पॉलिशपेपरचं काम करते. दर दोन-तीन राइडनंतर चेन पुसायची, तेल हलक्या हाताने. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरी बाजूला जाणाऱ्यांनी प्रत्येक राइडनंतर चेनला तेल आणि आठवड्याला ब्रेक पॅड पाहायचे.

मोठी सर्व्हिस पाऊस ओसरल्यावर, घटस्थापनेच्या आसपास. त्या वेळी दोन्ही हब (चाकांचे मधले भाग), हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग), सीटपोस्ट, केबल्स सगळं उघडा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, तोवर सायकल सुटी करून परत जोडून झालेली असावी असं ठरवलं की काम रेंगाळत नाही. आत शिरलेलं पाणी दिवाळीपर्यंत तसंच राहिलं तर छर्रे आणि कोन (छर्ऱ्यांना टेकणारा शंकूसारखा भाग) यांच्यावर गंजाचे खड्डे पडतात आणि ते ग्रीस भरून जात नाहीत.

काळ्या मातीत चाकंच फिरायची बंद होतात. काय करावं?

काळी चिकण माती ओली असताना टायरवर थर चढवत जाते. तो थर फोर्कच्या कमानीत आणि मागे बॉटम ब्रॅकेटच्या वर अडकतो. अशा वेळी जोर लावून पेडल मारू नका. चेनने ओढलेला चिखल डिरेलरमध्ये (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेत) जातो, डिरेलर मागे ओढला जातो आणि हँगर (डिरेलर टांगायचा तुकडा) वाकतो किंवा तुटतो. उतरून काडीने माती काढा आणि सायकल उचलून मुरमाच्या किंवा गवताच्या पट्टीवर आणा.

यावर खरा उपाय रस्त्याच्या निवडीचा आहे. जोराच्या पावसानंतर दोन दिवस शेतांमधून, दिंडोरी-निफाड बाजूच्या काळ्या रानांतून जाणारे रस्ते टाळावेत आणि मुरमाड, खडकाळ डोंगरवाटा घ्याव्यात. पावसाळ्यापुरता मागे २.२५ ऐवजी १.९५ किंवा २.१ इंचाचा, मोकळ्या मोठ्या गुट्ट्यांचा टायर टाकला तर फ्रेममध्ये जागा वाढते आणि माती झडतेही लवकर.

टू-व्हीलर वॉशिंग सेंटरवर धुतलं तर चालेल का?

नको. प्रेशरचं पाणी हबच्या सीलमधून आत जातं आणि ग्रीस बाहेर ढकलतं. घरी एक बादली पाणी, भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब, एक मऊ ब्रश, एक जुना टूथब्रश पुरतो. चेनचं फडकं आणि रोटरचं फडकं वेगळं ठेवा. धुतल्यावर सायकल थोडी उचलून हलकेच आपटा, वरचं पाणी झडतं. मग लगेच चेनला तेल.

चेनला कुठलं तेल लावू? घरात खोबरेल आहे, शिलाई मशीनचं आहे, गाडीचं इंजिन ऑइलही आहे.

तिन्ही टाळा. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबर-जानेवारीत नाशकात सकाळी तापमान दहाच्याही खाली जातं, म्हणजे पहाटेच्या राइडला रोलरमध्ये तेल नाही, पांढरा गोळा असतो. शिलाई मशीनचं तेल फार पातळ, पन्नासेक किलोमीटरमध्ये उडून जातं. इंजिन ऑइल टिकतं, पण धूळ धरतं. गंज सोडवायचा निळ्या-पिवळ्या डब्यातला स्प्रे हे चेनचं तेल नाही, तो उलट असलेलं तेल धुऊन काढतो.

सायकलच्या दुकानात ड्राय आणि वेट असे दोन प्रकार मिळतात. ऑक्टोबर ते मे ड्राय, पावसात वेट. लावायची रीत तेलापेक्षा महत्त्वाची आहे. चेन कोरडी स्वच्छ करा, क्विक-लिंकपासून सुरू करून प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडा, पेडल मिनिटभर उलटं फिरवा, तासभर थांबा आणि मग बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून काढा. बोट फिरवल्यावर चेन जवळजवळ कोरडी लागली पाहिजे. तेलाचं काम रोलरच्या आत असतं. बाहेर चमकणारं तेल फक्त धूळ गोळा करतं.

साफसफाईला रॉकेल आता सहज मिळत नाही. रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं. पेट्रोल वापरू नका, बंद खोलीत त्याची वाफ धोकादायक असते.

चेन बदलायची वेळ कशी ओळखायची?

चेन चेकर (चेनची झीज मोजायची पट्टी) असेल तर सहा ते दहा गिअरच्या सायकलीला ०.७५ टक्के आणि अकरा-बारा गिअरच्या सायकलीला ०.५ टक्के ही मर्यादा. चेकर नसेल तर चेन काढून खिळ्याला टांगा आणि मेजरिंग टेपने ४० पूर्ण जोड्या मोजा. एक जोडी म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची कडी. नव्या चेनची लांबी १०१६ मिमी भरते. १०२१ च्या पुढे गेली तर ०.५ टक्के झिजली, १०२३-२४ झाली तर ०.७५. एवढी लांबी मोजली की एक मिमी चुकला तरी फरक पडत नाही, म्हणून ही पद्धत स्वस्त चेकरपेक्षा भरवशाची आहे.

वेळेवर चेन बदलली तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन निघतात. उशीर केला तर नवी चेन जुन्या दात्यांवर उड्या मारते आणि सगळंच बदलावं लागतं. नवी चेन घेताना मागचे गिअर मोजा: सहा, सात, आठला एकच चेन चालते, पुढे नऊ, दहा, अकरा, बारा प्रत्येकाची वेगळी आणि अरुंद.

बाभळीच्या काट्यांनी जीव नकोसा झालाय. सतत पंक्चर होतं.

काटा आणि खडक यांचं पंक्चर वेगळं असतं. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर हवा कमी होती आणि दगडावर रिमने ट्यूब चावली. एकच बारीक भोक असेल तर काटा, सराटा किंवा तार. द्राक्षबागांच्या बांधांवरून जाताना मांडवाच्या तारेचे तुकडे हा एक खास आपल्याकडचा प्रकार. पंक्चर काढण्याआधी टायरच्या आतून कापूस फिरवा. बोटांना न जाणवणारं टोक कापूस पकडतो. काटा आत तसाच ठेवून पॅच मारला की दुसऱ्या दिवशी परत तेच.

हवेचा आकडा टायरच्या कडेवर वाचून भरू नका, ती बहुधा कमाल मर्यादा असते. ७० किलोच्या माणसाला ट्यूबसह २६×१.९५ टायरमध्ये पुढे ३४, मागे ३८ पीएसआय आणि २९×२.२५ मध्ये पुढे २६ ते २८, मागे ३० पासून सुरुवात करा. दहा किलो वजन वाढलं की दोन-तीन पीएसआय वाढवा. डांबरीवर जास्त जाणार असाल तर आणखी पाच. पेट्रोल पंपावरच्या नळीने भरू नका, सायकलच्या ट्यूबमध्ये एवढी कमी हवा मावते की क्षणात आकडा दुप्पट होतो.

काट्यांवर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव). व्हॉल्वची कोर (आतली पिन) निघणारी हवी, गाडीच्या व्हॉल्वची बहुतेक निघते. एका ट्यूबला शंभर मिलीच्या आसपास सीलंट घालून चाक फिरवा. उत्तम इलाज म्हणजे ट्यूबलेस, पण त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसचे पाहिजेत. साध्या रिमवर टेप मारून केलेलं जुगाड घरी उभ्या सायकलीत टिकतं, दगडावर आपटलं की कड सुटते, आणि ते पुढच्या चाकाला झालं तर माणूस तोंडावर पडतो. आम्ही त्याचा सल्ला देत नाही.

योग्य रिमवर ट्यूबलेस करताना: जुनी टेप काढा, रिम अल्कोहोलने पुसा, रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिमी रुंद टेप ताणून लावा आणि व्हॉल्वच्या दोन्ही बाजूंना बोटभर पुढे न्या. व्हॉल्वचं भोक ब्लेडने कापू नका, तापवलेल्या सुईने पाडा, म्हणजे चीर पुढे फाटत नाही. आधी सीलंटशिवाय टायर बसवून दोन्ही कडांचा टक-टक आवाज ऐका. मग कोर काढून २९×२.२५ ला १०० ते १२० मिली सीलंट सोडा. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात रबराचं सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळतं. चाक कानाजवळ हलवून पाहा, आत खळखळ ऐकू आली नाही तर नवीन भरा.

गिअर नीट पडत नाहीत. दोन दिवसांपूर्वीच सेट केले होते.

परत परत बिघडणारा गिअर म्हणजे सेटिंगचा दोष नव्हे, केबलचा किंवा हँगरचा. क्रमाने जा.

मागे उभे राहून पाहा: डिरेलरची दोन्ही छोटी चाकं गिअरच्या दात्यांच्या बरोबर खाली, एका रेषेत हवीत. पिंजरा आत वळलेला दिसला तर हँगर वाकलाय. सायकल उजवीकडे एकदा पडली की एवढं पुरतं. हँगर सरळ न करता केलेली सेटिंग टिकत नाही.

मग केबल सोडून द्या. चेन सगळ्यात लहान चक्रावर असताना डिरेलरवरच्या एच लिहिलेल्या स्क्रूने वरचं छोटं चाक त्या चक्राच्या बाहेरच्या कडेच्या बरोबर खाली आणा. केबल ताणून बोल्ट आवळा. आता एकेक गिअर चढवा. मोठ्या चक्रावर जायला आळस करत असेल तर केबल ढिली आहे, बॅरल (केबलच्या टोकाचा हाताने फिरणारा स्क्रू) पाव फेरा डावीकडे. लहान चक्रावर उतरायला आळस करत असेल तर पाव फेरा उजवीकडे, आणि तेवढ्याने भागलं नाही तर केबल आत गंजली आहे. शेवटी एल स्क्रू: सगळ्यात मोठ्या चक्राच्या पलीकडे हाताने डिरेलर ढकलून बघा, चेन स्पोकमध्ये जाता कामा नये.

केबल बदलताना आउटरही बदला. गिअरचा आउटर ४ मिमीचा, आत सरळ तारांचा असतो. ब्रेकचा ५ मिमीचा, आत गुंडाळी. गिअरचा आउटर ब्रेकला कधीही लावायचा नाही, जोराच्या ब्रेकला तो फाटू शकतो. आउटर कापल्यावर टोक कानशीने सपाट करा आणि आतली चिमटलेली नळी सुईने उघडा. हे केलं नाही की नवी केबलसुद्धा जड चालते.

डिस्क ब्रेक किंचाळतो आणि लागतही नाही.

पॅडला तेल लागलंय. बहुतेक वेळा चेनवर स्प्रे मारताना. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ते मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. पॅड कमी बिघडले असतील तर सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिशपेपरवर घासून पाहा, धूळ श्वासात जाऊ देऊ नका. तेल आत मुरलं असेल तर पॅड फेकून द्या. तापवून, जाळून ते परत पूर्वीसारखे होत नाहीत.

नवे पॅड टाकल्यावर त्यांची रोटरवर बैठक बसवावी लागते: मोकळ्या रस्त्यावर ताशी २० ते २५ वेगाने जाऊन, चाक लॉक न करता, जवळजवळ थांबेपर्यंत पंधरा-वीस वेळा ब्रेक. हे न करता थेट नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढून खाली सुटलात तर पॅडचा वरचा थर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ब्रेक पुढेही आवाज करत राहतो.

पॅडचा मसाला अर्धा मिमी उरला की बदला. शिमानोचा रोटर नवा १.८ मिमी जाड असतो, १.५ ला बाद.

हायड्रॉलिक ब्रेकचं ब्लीडिंग (तेलात अडकलेली हवा काढणं) घरी जमतं का?

जमतं, फक्त तेल चुकवू नका. शिमानो आणि टेक्ट्रोला मिनरल ऑइल. काही इतर कंपन्यांना डॉट. लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं असतं. अदलाबदल झाली तर रबरी सील फुगतात आणि अख्खा ब्रेक जातो. गाडीच्या दुकानातलं ब्रेक ऑइल हे डॉट असतं, ते शिमानोत घालायचं नाही.

शिमानोची पद्धत थोडक्यात: चाक आणि पॅड काढा, पिस्टनच्या मध्ये पिवळा ब्लॉक घाला. लिव्हर आडवा करून फनेल लावा. कॅलिपरच्या निपलला तेल भरलेली सिरिंज आणि नळी जोडा, निपल पाव फेऱ्याहून कमी उघडा, तेल खालून वर हळू ढकला. फनेलमध्ये बुडबुडे यायचे थांबले की निपल बंद करा. मग लिव्हर बारीक बारीक हलवत नळीवर टिचक्या मारा, अडकलेले बुडबुडे वर येतात. रोटर आणि पॅड त्या खोलीतच ठेवू नका.

हब उघडून ग्रीस कसं भरायचं?

छर्रेवाल्या हबला पुढे ३/१६ इंचाचे दोन्ही बाजूंना दहा-दहा, मागे १/४ इंचाचे नऊ-नऊ छर्रे असतात. काढताना मोजा, कारण वेगळा आकडाही निघू शकतो. एकच बाजू उघडा, दुसऱ्या बाजूचा कोन ॲक्सलवर तसाच राहू द्या, म्हणजे मधोमध बसवायची खटपट उरत नाही. सगळं पुसल्यावर कोनचा घासपट्टा उजेडात फिरवून बघा. एकसारखी चकचकीत रेघ असेल तर ठीक, टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले तर कोन बदला. छर्रे स्वस्त आहेत, ते दर वेळी नवेच टाका.

गाडीच्या दुकानातलं साधं लिथियम ग्रीस चालतं. कपमध्ये भरपूर भरा, छर्रे त्यात रोवा, कोन बोटाने फिरवत आणा. आता खरी गोम: क्विक रिलीज आवळला की ॲक्सल किंचित दबतो आणि कोन आणखी घट्ट होतो. म्हणून टेबलावर सेट करताना अगदी थोडा प्ले (ढिलेपणा) शिल्लक ठेवायचा, जो चाक सायकलीत आवळल्यावर नाहीसा होईल. टेबलावरच परफेक्ट केलेला हब रस्त्यावर जास्त घट्ट असतो आणि कोन लवकर खातो.

पेडल मारताना खालून कर्र-कर्र येतं.

आधी बॉटम ब्रॅकेटला दोष देऊ नका. उभं राहून पेडल मारा: आवाज गेला तर तो सीटपोस्ट किंवा सीटच्या रेल्सचा. मग पेडल काढून आट्यांना ग्रीस लावा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे सगळ्यांना माहीत असूनही घाईत आटे मारले जातात. मग चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चक्राचे) बोल्ट. एवढं करून आवाज राहिला तर क्रँक काढून बॉटम ब्रॅकेट हाताने फिरवा. त्यात चेनच्या बाजूचा, म्हणजे उजवा कप उलट्या आट्यांचा असतो आणि तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. पुलर पूर्ण आत बसल्याशिवाय क्रँक ओढू नका.

चाकाचा आऊट (फिरताना डावी-उजवीकडे लपकणं) घरी काढता येतो का?

थोडा असेल तर येतो. फ्रेमच्या नळीला दोन्ही बाजूंना केबल टाय बांधा, टोकं रिमपासून एक-दोन मिमीवर कापा. रिम डावीकडे जिथे लागते तिथला उजव्या फ्लँजवरून (हबच्या कडेवरून) आलेला स्पोक पाव फेरा आवळा आणि शेजारचे दोन डावे स्पोक आठवा हिस्सा फेरा सोडा. परत फिरवा. एका जागी अर्ध्या फेऱ्याहून जास्त एका वेळी नको. अर्धा मिमी आऊट उरला तर डिस्कवाल्या चाकाला पुरेसं आहे. रिमला खड्डा पडला असेल तर स्पोकने तो निघत नाही.

बदल करायचेत. पैसे आधी कुठे घालावेत?

टायर, मग ब्रेक, मग ग्रिप-पेडल-हँडल, मग गिअर, सगळ्यात शेवटी फोर्क. लोक हे उलट्या क्रमाने करतात, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय. चांगल्या रबराचे टायर आणि नेमकी हवा एवढ्यानेच सायकल बदलून जाते.

ब्रेकमध्ये पुढचा रोटर १६० वरून १८० मिमी करणं हा उत्तम बदल आहे. पोस्ट माउंट (कॅलिपर थेट बोल्टने बसणाऱ्या) फोर्कला २० मिमीचा ॲडॅप्टर आणि लांब बोल्ट लागतात. फोर्कची कमाल रोटर मर्यादा आधी तपासा.

पुढे एकच चक्र करायचं आहे. कितपत फायद्याचं?

हिशेब करून बघा. नेहमीच्या २४-३४-४२ क्रँकला मागे १४-३४ असेल तर सगळ्यात हलका गिअर २४ भागिले ३४, म्हणजे ०.७१ आणि सगळ्यात जड ४२ भागिले १४, म्हणजे ३. आता पुढे ३२ आणि मागे ११-४२ घेतलं तर ०.७६ ते २.९१. म्हणजे जवळजवळ तेवढीच रेंज, पुढचा डिरेलर आणि शिफ्टर गेले, चेन पडायची कटकट गेली. पुढे ३० घेतलं तर चढाचा गिअर ०.७१ वर परत येतो.

पण फ्रीव्हीलच्या चाकावर ही कॅसेट बसत नाही. त्यामुळे १३५ मिमीचं, फ्रीहब (कॅसेट बसवायचा हब) असलेलं मागचं चाक, कॅसेट, ४२ दात्यांपर्यंत चालणारा डिरेलर, त्याच कंपनीचा शिफ्टर, चेन आणि बहुतेक वेळा क्रँकसुद्धा नवा लागतो, कारण स्वस्त क्रँकची चक्रं रिवेटने बसवलेली असतात. मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट हा नऊ गिअरचा सेट यासाठी सोयीचा आहे. चाक आधीच फ्रीहबचं असेल तर हा बदल जरूर करा. नसेल तर सगळ्याची बेरीज करून वरच्या श्रेणीच्या जुन्या सायकलीच्या किमतीशी ताडून पाहा, मगच ठरवा.

चेनरिंग नॅरो-वाइड (एकाआड एक अरुंद-रुंद) दात्यांची घ्या. चेनची लांबी ठरवताना डिरेलरमधून न नेता मोठ्या चक्रावरून मोठ्या चक्रावर गुंडाळा आणि त्यावर डिरेलरच्या पुस्तिकेत सांगितल्या तेवढ्या कड्या वाढवा. ती संख्या डिरेलरप्रमाणे बदलते.

जास्त ट्रॅव्हलचा (जास्त दबणारा) फोर्क बसेल का?

फोर्कची उंची २० मिमी वाढली की हेडचा कोन साधारण एक अंशाने कलतो आणि बॉटम ब्रॅकेट उचलला जातो. ८० मिमीचा १०० केला तर सायकल उतारावर शांत होते. ८० चा १२० केला तर चढाला पुढचं चाक भरकटतं आणि हेडट्यूबच्या वेल्डिंगवर ताण वाढतो. ते करू नये. स्टीअरर (फोर्कची वरची नळी) सरळ आहे की खाली रुंद होणारा, चाक कुठल्या मापाचं, ॲक्सल ९ मिमी की १५, हे तिन्ही जुळलं पाहिजे.

फोर्क बदलायच्या आधी आहे तो उघडून पाहा. कॉइल फोर्कच्या पायाखालचे दोन बोल्ट सोडले की खालचा भाग निघतो. जुनं काळं ग्रीस पुसून बुशिंगना सस्पेन्शन ग्रीस लावा. बसलेला फोर्क पुष्कळदा एवढ्यानेच परत हलायला लागतो.

पार्ट मिळत नाही, तेव्हा अंबड-सातपूरच्या एमआयडीसीचा उपयोग होतो का?

फार होतो, आणि ही नाशिकच्या सायकलवाल्याची मोठी सोय आहे. सीलबंद बेअरिंग हे सायकलचं खास मापाचं नसतं. त्याच्या कडेवर ६९०२ किंवा ६००१ असा आकडा कोरलेला असतो. ६९०२ म्हणजे १५×२८×७ मिमी, ६००१ म्हणजे १२×२८×८. औद्योगिक बेअरिंग विकणाऱ्या दुकानात आकडा सांगा आणि दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं मागा. कव्हर धातूचं असेल तर पावसात पाणी शिरतं.

लेथवाल्याकडून स्पेसर, वायसर, बेअरिंग दाबायचे बुश करून मिळतात. जाताना मापं मिमीच्या दशांशात, व्हर्नियरने घेतलेली, कागदावर आकृतीसकट न्या. तोंडी वर्णनावर नेमकी वस्तू होत नाही. मेलेले आटे परत पाडणं, अडकलेला सीटपोस्ट काढणं ही कामंही तिथेच सोपवा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला पडलेली चीर मात्र वेल्ड करून चालवू नका. वेल्डच्या उष्णतेने बाजूचा धातू मऊ होतो, आणि कारखान्यात जोडल्यानंतर फ्रेमला दिलेली उष्णता-प्रक्रिया शेडमध्ये होत नाही.

वापरलेलं टर्पेंटाइन, तेल कुठे टाकायचं?

मोरीत किंवा गटारात नाही. ते नासर्डीत आणि तिथून गोदावरीत जातं. घट्ट झाकणाच्या बाटलीत आठवडाभर ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं स्वच्छ टर्पेंटाइन दुसऱ्या बाटलीत ओतून पुन्हा वापरा. उरलेला गाळ आणि जुनं तेल गॅरेजवाल्याच्या जळक्या तेलाच्या पिंपात द्या, तो ते पुढे देतो. तेलकट फडकी कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका, उघड्यावर पसरून वाळवा आणि मगच टाका.